चिकटलेल्या पट्ट्या आणि विहीणबाईंची खिडकी

आमच्या विहीणबाईंशी, म्हणजे माझ्या मुलाच्या सासूबाईंशी, सरळ दोन वाक्यं बोलणं मला आजवर साधलेलं नाही. ‘बसा’ म्हणावं तर विचारतात, ‘का, उभी राहिले तर तुमची फरशी खचते का?’ ‘चहा घेणार?’ म्हणावं तर म्हणतात, ‘करणार कोण? तुम्ही? मग नुसतं पाणीच द्या.’ आमच्या सुनेचं म्हणणं असं, की आई मुळात प्रेमळ आहे. असेलही. फणस आतून गोडच असतो, फक्त तो आपल्या डोक्यावर पडू नये.

त्यांची हकिगत मी सांगायला बसलोय, कारण दुसरं कुणी ती नीट सांगत नाही. सून सांगते तेव्हा आईची बाजू घेते. मुलगा सांगतो तेव्हा बायकोची बाजू घेतो. आणि विहीणबाई स्वतः सांगायला लागल्या, की गोष्ट कुठूनही निघो, शेवटी मी मूर्ख ठरतो.

तर आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पोहण्याचा तलाव आहे. वर छप्पर, आत निळ्या फरशा, आणि बोललेलं सगळं घुमून दुप्पट होऊन परत येणारं. कपडे बदलायच्या खोल्यांच्या शेजारी भिंतीत एक खिडकी आहे. शटर लोखंडी, आत एक ओटा, एक बेसिन, आणि माणसाला वळायचं तर आधी श्वास आत घ्यावा लागेल एवढी जागा. ही विहीणबाईंची खिडकी. पोहून बाहेर आलेल्या माणसाला जी भूक लागते ना, ती साधी भूक नसते. तो टॉवेलसुद्धा खाईल. तसल्या भुकेसमोर विहीणबाई कागदाच्या पुड्यात कुरकुरीत तळलेल्या पट्ट्या धरायच्या. वर मीठ, तिखट, आणि सोबत एक वाक्य फुकट: ‘आधी अंग पुसा, मग हात पुढे करा.’

पट्टी म्हणजे मैद्याचं पातळ लाटलेलं चौकोनी पान. हॉटेलवाले त्यात सारण भरतात, गुंडाळतात आणि तळतात. विहीणबाई लग्नाच्या आधी अशा पट्ट्यांच्या कारखान्यात होत्या. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना टेबलं, टेबलांवर लाटणी, आणि बायकांच्या भुवयांपर्यंत मैदा. तिथली मुकादमीण प्रत्येक पट्टी तळहातावर ठेवून बघायची. खालच्या हाताच्या रेषा दिसल्या तर पट्टी पास. नाही दिसल्या तर गोळा करून पुन्हा लाटा.

आमचे व्याही, विहीणबाईंचे यजमान, त्यांना पहिल्यांदा तिथेच भेटले. ते कारखान्यातला नळ दुरुस्त करायला गेले होते. भुवया, केस, सगळं पांढरं बघून त्यांना वाटलं कुणी वयस्कर बाई आहे, म्हणून म्हणाले, ‘मावशी, जरा सरकता का?’ लग्न ठरलं, झालं, तरी पुढे वर्षभर बाई नवऱ्याला ‘अहो भाचेबुवा’ म्हणूनच हाक मारत होती. बिचारे व्याही! पुढे ते तलावावर पंपाचं काम बघायला लागले. साऱ्या गावाचं पाणी स्वच्छ ठेवलं, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी शिरले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, ‘खोल पाण्याचा अनुभव मी घरी घेतो.’ हे विहीणबाईंना ऐकू गेलं होतं. त्या दिवशी आम्हा दोघांनाही चहा मिळाला नाही.

ही खिडकी त्यांनीच बायकोला मिळवून दिली. व्याही गेले तेव्हा आम्हाला वाटलं, बाई आता घरात बसेल. सुनेनं तर आमच्याकडे खोली आवरून ठेवली. विहीणबाई आल्या, खोली बघितली, पडद्याचा रंग वाईट आहे म्हणाल्या, आणि सकाळी शटर उघडायला निघून गेल्या. मी समजून गेलो. राहतं घर त्यांना झोपण्यापुरतं. जगायला ती खिडकी.

आणि म्हणूनच तलावाचा नवा व्यवस्थापक जे बोलला, ते ऐकून आमच्या घरात दोन दिवस कुणाला जेवण गोड लागलं नाही.

पोरगा तसा वाईट नाही. नम्र आहे, खाली मान घालून वाईट बातमी देतो. रोज पोहणाऱ्या एका बाईंनी त्याच्याकडे तक्रार केली होती. त्यांचं म्हणणं, ‘श्वास घ्यायला तोंड वर काढते तेव्हा तळणीचा वास येतो. वास आला की भूक लागते. भूक लागली की मी अर्ध्यातून बाहेर येते. माझं वजन पोहून वाढलंय.’ आता यात विहीणबाईंचा काय दोष? पण छपराखाली कढईचा धूर कोंडतो हे खरंच होतं. व्यवस्थापक म्हणाला, ‘मावशी, कढई बंद करावी लागेल. बिनतळणीचं, आणि जरा पोटभरीचं काही देता येत असेल तर रविवारी आम्हाला चाखायला द्या. जमलं नाही, तर...’ पुढचं वाक्य त्याच्या शेजारी उभं होतं. हसरा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस, हातात पाकीटबंद खाऊच्या नमुन्यांची बॅग. खिडकी त्याला हवी होती.

विहीणबाई थेट आमच्याकडे आल्या. ‘बसा’ म्हटलं तर मुकाट्यानं बसल्या. तेव्हा मात्र मी घाबरलो.

सुनेनं आईला वाढदिवसाला एअर फ्रायर घेऊन दिला होता. विहीणबाई त्याला वाराभट्टी म्हणायच्या. त्यावर त्यांनी भरतकामाचं कापड घातलं होतं आणि कापडावर कुंडी ठेवली होती. ‘तेल ओतायला जागा नाही आणि म्हणे तळा. हे म्हणजे बिनपाण्याचं पोहणं!’ आता कुंडी उतरली आणि यंत्र आमच्या ओट्यावर आलं.

पहिला घाणा मी विसरणार नाही. विहीणबाईंनी पट्ट्या लाटल्या. काय लाटल्या! पट्टीखाली वर्तमानपत्र धरलं असतं तर बातम्या वाचता आल्या असत्या. त्रिकोण कापले, ब्रशनं जरासं तेल लावलं, जाळीच्या टोपलीत नीट मांडले, आणि बटण दाबलं. आत वाऱ्याची घरघर सुरू झाली आणि पाठोपाठ फडफड, फडफड.

‘आई, आत काहीतरी शिरलंय,’ सून म्हणाली.

‘कबूतर असेल,’ मी म्हणालो.

टोपली ओढून बघतो तर टोपली रिकामी! सगळ्या पट्ट्या वाऱ्यानं उडून वर तापलेल्या तारेला जाऊन चिकटल्या होत्या. एकीनं पेट घ्यायच्या बेतानं धूर काढला. सुनेनं खिडक्या उघडल्या. मला काय सुचलं देव जाणे, मी म्हणालो, ‘विहीणबाई, तुमच्या पट्ट्या इतक्या हलक्या, आणि तुमचं बोलणं एवढं जड. थोडी अदलाबदल करता आली तर बघा.’

‘तुम्ही बाहेर जा,’ त्या म्हणाल्या.

‘जातो. पण जरा जाड लाटल्यात तर उडणार नाहीत.’

‘जाडी तुमच्या बुद्धीला शोभते, व्याहीबुवा. माझ्या पट्टीला नाही.’

तरी माझं तोंड बंद करायला म्हणून त्यांनी एक जाड पट्टी लाटून भाजली आणि माझ्या हातात दिली. मी चावली. कट्कन आवाज आला. मी हळूच बाजूला वळून कवळी तपासली. कवळी शाबूत होती. पट्टीही.

मग सुनेनं युक्ती काढली. गरम भांडं टेकवायची तारेची जाळी तिनं पट्ट्यांवर पालथी घातली. उडणं बंद झालं. पण नवंच दुखणं निघालं. पट्ट्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून रचताना मधे कोरडं पीठ भुरभुरतात. कढईत ते तेलाच्या तळाशी जातं. इथे ते वाऱ्यानं उधळलं, जळलं आणि कडू लागायला लागलं. विहीणबाईंनी पीठ चिमूटभर केलं. हे लक्षात असू द्या, सगळं घोडं पुढे इथेच अडणार आहे.

त्याहून मोठी अडचण कानाची होती. कढईतला घाणा झाला की तेलाचा चुरचुराट कमी होतो. विहीणबाई पाठ फिरवून पैसे घेता घेता त्या आवाजावर झारा घालायच्या. हे यंत्र मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरात घरघरतं. मग त्या घडीघडीला टोपली ओढून आत बघायच्या, जसं वाट बघणारं माणूस दारात येऊन जातं. दर वेळी वाफ बाहेर, गरमी बाहेर, आणि पट्ट्या चामड्यासारख्या. शेवटी सून टोपलीच्या मुठीवर हात ठेवून बसली. ‘आई, आता उघडलंस तर मी बोलणार नाही तुझ्याशी.’

‘नको बोलूस. सासऱ्याच्या वळणावर गेलीस.’

पण बाई हुशार. टोपली न उघडता सगळं यंत्रच थोडं हलवून कान लावला. कच्च्या पट्ट्या सळसळ करतात, झालेल्या खुळखुळतात. खुळखुळ ऐकू आली आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला हसू म्हणायचं धाडस मी करतो.

आता पोटभरीचं. कोंबडीचं डिप करायचं ही कल्पना सुनेची. कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे मीठ, मिरी आणि लसूण घालून उकडायचे, त्यांचे दोन काट्यांनी बारीक धागे काढायचे. ते काम माझ्याकडे आलं, कारण त्यात बिघडवण्यासारखं काही नव्हतं. मग फडक्यात टांगून पाणी काढलेलं घट्ट दही, मऊ चीज, चमचाभर साय, कांद्याची पात, वरून लिंबू. एकजीव घोटलं की असं मऊ, पांढरंशुभ्र, जिभेवर रेंगाळणारं होतं, की मी चाखून बघतो म्हणत अर्धी वाटी चाखली. विहीणबाईंनी त्याचं नाव बुडवण ठेवलं. पण बुडवणात पट्टी बुडवली, की मोडे! इतकी पातळ पट्टी, इतकं घट्ट बुडवण. वर येताना हातात नुसतं टोक.

‘पट्टी जाड कर,’ सून म्हणाली.

‘बुडवण पातळ कर,’ आई म्हणाली आणि दूध ओतलं.

‘आई, हे आता प्यायला लागेल.’

‘मग पेल्यातून देऊ!’

दोघींचं काही जुळेना. मायलेकी एकाच लाटण्याच्या, कुणी मागे सरेना. पुन्हा घट्ट बुडवण केलं आणि तह असा झाला, की रविवारी सोबत चमचे ठेवायचे. म्हणजे भांडण मिटलं नाही, त्यावर झाकण ठेवलं.

रविवारी सकाळी विहीणबाईंनी घरीच पट्ट्या लाटल्या, चिमूटभर पीठ भुरभुरून रचल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात बंद केल्या. मी यंत्र मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. सून बुडवणाचं भांडं घेऊन. तलावावर खिडकीसमोर टेबल मांडलेलं. चाखायला तिघं: व्यवस्थापक, पोहायला शिकवणाऱ्या मॅडम, आणि रोज येणारे निवृत्त पोस्टमास्तर, कमरेला टॉवेल आणि डोक्याला टोपी अशा सरकारी थाटात. पाकीटवाला आधीच येऊन गेला होता, म्हणजे त्याचं खाणं सगळ्यांनी खाऊन झालं होतं आणि तो निकालासाठी थांबला होता.

विहीणबाईंनी डबा उघडला. वरच्या मोजक्या पट्ट्या सुट्या निघाल्या. त्याखालची उचलली, तर खालची तिच्यासोबत वर आली. पुढची, तीही जोडीनंच. तलावाची दमट हवा, ओलं फडकं, बंद डबा आणि चिमूटभर पीठ. सगळ्या पट्ट्या दोन-दोन चिकटल्या होत्या.

त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. पट्टीच्या धंद्यात चिकटण्यासारखी नाचक्की नाही. कारखान्यात जिच्या पट्ट्या चिकटत, तिला दाराजवळच्या टेबलावर सगळ्यांकडे तोंड करून बसवत आणि सुरीनं एकेक सोडवायला लावत. विहीणबाई तिथे एकदाच बसल्या होत्या. अजून ती आठवण निघाली, की पदर तोंडावर घेतात.

‘आई, काय झालं?’

‘काही नाही. तू बाजूला हो.’

त्यांनी सुट्या होत्या तेवढ्या टोपलीत टाकल्या, जाळी घातली, भाजल्या, कान लावून काढल्या. रंग सुरेख. पोस्टमास्तरांनी एक उचलली, चमच्याकडे ढुंकूनही न बघता बुडवणात घातली. मोडली. दुसरी घातली. मोडली. मॅडमनी घातली, तीही बुडाली.

‘मॅडम,’ पोस्टमास्तर म्हणाले, ‘तुम्ही बुडणाऱ्यांना काढता ना? मग उतरा आता.’

मॅडम हसू दाबत बोटानं तुकडे शोधत होत्या. पाकीटवाला हसू न दाबता बघत होता. व्यवस्थापकानं घड्याळ पाहिलं. मग खाली मान घातली. आम्ही तिघं समजलो, आता वाईट बातमी येणार.

‘मावशी, अजून काही आहे? नसेल तर...’

विहीणबाईंनी डब्याकडे बघितलं. मग शटरकडे. माझ्या जवळ येऊन हळू बोलल्या. हळू! त्या तलावात हळू बोललेलं काहीच नसतं, पण मला ऐकू यायला कष्ट पडले.

‘व्याहीबुवा, चिकटलेली पट्टी मी आयुष्यात कुणासमोर ठेवली नाही.’

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझा सल्ला मागत होत्या. मी म्हणालो, ‘नाही ठेवलीत तर तो पाकिटं ठेवील.’

त्यांनी नाकातून एक श्वास सोडला. चिकटलेल्या पट्ट्या तशाच जोडीनं कापल्या, तेलाचा हात फिरवला, टोपलीत टाकल्या. गडबडीत वरची जाळी राहिली. सून ओरडली, ‘आई, जाळी!’ पण आतून फडफड आलीच नाही. जोडीचं वजन वाऱ्याला पेलेना. थोड्या वेळानं खुळखुळ झाली, मोठी, दणकट.

बाहेर आल्या तेव्हा पट्ट्या मधूनमधून फुगलेल्या, दोन पदरांत हवा भरलेली, कडा सोनेरी. विहीणबाईंनी ताटली टेबलावर ठेवली आणि ठेवतानाच म्हणाल्या, ‘आधीच सांगते, या चिकटलेल्या आहेत. माझी चूक आहे. अशी पट्टी गिऱ्हाईक कारखान्यात परत पाठवतं. खायचं तर खा, मागाहून बोलायचं नाही.’

पोस्टमास्तरांनी पट्टी उचलली, बुडवणात खुपसली आणि फावड्यासारखी वर काढली. पांढरंशुभ्र बुडवण पट्टीवर डुलत होतं. पट्टी मोडली नाही. त्यांनी आख्खी तोंडात टाकली. कुर्रर्र असा आवाज छपरापर्यंत जाऊन परत आला. पाण्यातल्या दोघांनी माना वर काढल्या.

‘काय चूक आहे म्हणालात यात?’ त्यांनी तोंड भरलेलं असताना विचारलं.

‘चिकटलीय ती.’

‘असू दे. अजून चिकटवा.’

मॅडमनी दोन घेतल्या. व्यवस्थापकानं एक घेतली, मग खाली मान घालूनच दुसरी, मग तिसरी. वजन वाढलेल्या त्या बाई पाण्यातून बाहेर आल्या आणि अंग न पुसताच हात पुढे केला. आणि विहीणबाई त्यांना काही बोलल्या नाहीत, यावरून त्यांच्या मनाची काय अवस्था असेल ओळखा. पाकीटवाला सगळ्यात शेवटी आला. त्याच्यासाठी कोपऱ्यातला तुकडा उरला होता. त्यानं तो खाल्ला, ताटलीकडे बघितलं, आणि भला माणूस, बॅगेची चेन लावली.

‘मावशी,’ व्यवस्थापक म्हणाला, आणि या वेळी मान वर होती, ‘खिडकी तुमचीच. फक्त पट्ट्या अशाच हव्यात.’

‘अशाच? मुद्दाम चिकटवू?’ विहीणबाईंनी असं विचारलं, जसं काही त्यानं त्यांना चोरी करायला सांगितलं होतं. ‘दोन पट्ट्या घ्यायच्या, मधे पाण्याचं बोट फिरवायचं, आणि डोळ्यांदेखत दाबायच्या?’

‘जमेल ना?’

‘न जमायला काय झालं! लाज तेवढी सोडायची.’

सून आईच्या गळ्यात पडली. आई म्हणाली, ‘सोड, हाताला तेल आहे,’ पण सोडवून घेतलं नाही. मग लोक पांगले. विहीणबाई खिडकीच्या आत गेल्या, भांडी बेसिनमध्ये ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी वाकून बघितलं. टोपलीत राहिलेली एक जोडपट्टी त्यांनी उचलली होती, भांड्याच्या कडेचं बुडवण त्या पट्टीनंच निपटून घेतलं होतं आणि तोंडात टाकून त्या हळूहळू चावत होत्या.

‘कशी आहे, विहीणबाई?’

त्यांनी शेवटपर्यंत चावलं, गिळलं, ओठ पुसले.

‘वाईट आहे,’ त्या म्हणाल्या, आणि दुसरी शोधायला टोपलीत हात घातला.